एकपासून

"पहिल्या दहातल्या एकाचंपण खातं उघडंना!" गुरुपादप्पा सर यासेरच्या खुर्चीमागं उभे राहून ओरडत होते. "कोणतरी आपल्या टॉपर पोरांची खाती फोडायला लागलंय. हुडक त्याला!"

बाकीच्या शेकडो पोरांचीपण बंद होती. पण त्यांच्यासाठी कोणी ओरडत नव्हतं.

क्लासच्या ॲपवरच्या यूजरनेमचा नियम सरांचाच. लातूरच्या या क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट. टेस्टमध्ये जो नंबर येईल, तेच पोराचं आठवडाभराचं यूजरनेम. पहिला आला त्यानं '१' टाकून आत जायचं, चारशेवा आला त्यानं '४००'. पासवर्ड ज्याचा त्याचा, कायमचा. एकदा जरी चुकला तरी खातं तासभर बंद. हेपण सरांनीच लावायला सांगितलं. यासेरनं लावलं. कॉलेज सोडून, व्हिडिओ बघून बघून तो हे ॲप चालवायचं काम शिकला होता. सांगतील ते करायचा.

त्यानं तपासलं. एकाच फोनवरून कोणीतरी १ टाकलं होतं. मग २. मग ३. एकेक खातं बंद पाडत खाली, खाली. शेवटी ३८६ वर पासवर्ड बरोबर लागला होता. खातं वर्षाराणीचं. गाव कंधारकडचं. फोन तिच्या वडलांचा, श्रीमंतरावांचा.

सर केबिनमध्ये गेले तसा यासेरनं तो नंबर लावला.

"काका, क्लासमधून बोलतो. दर रविवारी एकपासून नंबर तुम्हीच टाकता का?"

"हाव साहेब, मीच." आवाज खूश होता. "पोरगी नंबर सांगत न्हाई. इचारलं की रडती. तिचा पासवर्ड तेवढा ठावं हाय. आतलं इंग्रजी मला काय कळत न्हाई. तिचा फोटो आला की समजायचं, पोरगी या नंबरावर हाय."

"मग खालून तरी सुरू करा. लवकर सापडंल."

पलीकडं ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला.

"आपल्या लेकराला खालून कसं हुडकावं, साहेब?"

यासेरनं समोरची नंबरांची यादी बंद केली.

"येत्या रविवारी शेवटचं बघतो," श्रीमंतराव म्हणाले. "शंभरात न्हाई आली तर सोमवारी येऊन घरी घेऊन जातो, असं सांगून टाकलंय तिला. लई रडून राहिली फोनवर."

यासेरनं केबिनमध्ये जाऊन सरांना सगळं सांगितलं. मोबाईल नंबरच कायमचं यूजरनेम करू, म्हणाला. कोणाला हुडकत बसायला नको.

"अजिबात न्हाई," सर म्हणाले. "आत पाय टाकतानाच पोराला आपला नंबर कळला पाहिजे. आम्ही भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात बसून शिकलो. रडलो का? अन् त्या माणसाचा फोन ब्लॉक कर."

"हो सर," यासेर म्हणाला. केला नाही.

आठवड्यात एकदा वर्षाराणी त्याला पाण्याच्या फिल्टरपाशी दिसली. डोळे सुजलेले. बाटली भरून वाहत होती, तिचं लक्षच नव्हतं. काहीतरी विचारावं असं त्याला वाटलं. पण काय विचारणार? ती कशाला रडते ते त्याला माहीतच होतं. त्यानं नळ बंद केला आणि निघून गेला.

रविवारी ती अजून खाली गेली. चारशेच्या पुढं.

यासेरनं दार लोटून घेतलं आणि एक बारकी सेटिंग केली. त्या एका फोनवरून '१' टाकलं की वर्षाराणीचंच खातं उघडेल. कोणाचं खातं बंद पडणार नाही, सर ओरडणार नाहीत, आणि पोरगीपण इथंच राहील. खोटं होतं. पण त्याच्या हातात तेवढंच होतं.

संध्याकाळी त्या फोनवरून एकदाच लॉगिन झालं. परत नाही. कोणाची तक्रार आली नाही. कितीतरी दिवसांनी यासेर पोटभर जेवला.

सोमवारी सकाळी श्रीमंतराव क्लासच्या दारात उभे. हातात पेढ्यांचा पुडा. वॉचमनला दिले, झाडणाऱ्या बाईला दिले, यासेरच्या तर तोंडातच पेढा कोंबला.

"पहिल्या झटक्यात, साहेब! एक टाकलं अन् लेक पुढ्यात! मी म्हणतच हुतो, वरूनच बघायचं. रातभर झोप न्हाई मला."

वरच्या हॉस्टेलच्या जिन्यावरून वर्षाराणी धावत खाली आली. यासेरनं तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. तिच्या एका हातात कुलूप लावलेली पेटी होती, दुसऱ्या बगलेत गुंडाळलेली गादी.

"चला आबा," ती म्हणाली. "मी पहाटेच बांधून ठेवलंय सगळं. गाडी चुकंल."

"खुळी का काय!" श्रीमंतरावांनी हसत तिच्या हातातली पेटी काढून घेतली आणि परत पायरीवर ठेवली. "पहिली आलेली पोर कुठं घरी जाती व्हय?"