मनोऱ्यावरून दिसलेला पूल

बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला. समुद्रकाठच्या एका शहरातल्या प्रसिद्ध मनोऱ्याजवळून शेकडो वेळा गेले, पण ट्रक लावायला जागा नाही म्हणून वर कधी चढले नाहीत. ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना आणि आईला पाच तास गाडी चालवत तिथं नेलं. वाटेत बाबांनी माझ्या ड्रायव्हिंगला मनसोक्त नावं ठेवली. वर पोचल्यावर बाकीचे पर्यटक समुद्राच्या बाजूला धावले. आई मागच्या बाजूला गेली. “अहो, तुमचा रस्ता कुठला?” बाबांनी लांबवरचा पूल दाखवला. “तिथं एकदा डुलकी लागली. ट्रक कठड्यावर आदळून थांबला. तुला सांगितलं नाही.” “मला तेव्हाच कळलं,” आई म्हणाली. “घरी आलात तेव्हा हातात कप धरवत नव्हता.” “मग विचारलं का नाहीस?” “विचारलं असतं, तर पुन्हा तुम्हाला जाऊ दिलं नसतं.” बाबांनी माझ्यादेखत तिचा हात घट्ट धरला.