कापूसदगड

"नाही होणार, ताई," सर्वेश भिंग बाजूला ठेवत म्हणाला. "एका गोळ्याला कुणीतरी बोट लावलंय. असा नमुना आमचे सर काचेत ठेवायचे नाहीत."

कल्पितानं वाकून बघितलं.

सर्वेश अंधेरीच्या एका कॉलेजच्या खनिज संग्रहालयात कामाला होता. आज मालाडला आला होता तो कल्पिताच्या बाबांचा दगड न्यायला. काळ्या फत्तराच्या पोकळीत पांढरेशुभ्र गोळे, पिंजलेल्या कापसासारखे. ओकेनाइट म्हणतात त्याला.

"कापूस दाबला तर परत फुगतो. हा नाही," सर्वेश म्हणाला. "केसाहून बारीक सुया असतात. एकदा दबल्या की खळगा कायमचा. आणि दुसरा आणायचा कुठून? खदानी बुजवून वर टॉवर उभे केले."

बेचाळीस वर्षांपूर्वी सुरुंग उडाल्यावर तिच्या बाबांनी, रामचंद्रांनी, तो ढिगाऱ्यातून उचलून घरी आणला होता. त्या खदानीत म्हाताऱ्यानं उभी हयात घातली, छातीत धूळ भरून घेतली. नाव कुठे लागलं? मुकादमाच्या हजेरीत, तेसुद्धा चुकीचं. आता काचेखाली पाटी लागणार होती: रामचंद्र परब, खाणकामगार, मालाड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाबांना नीट दिसायला लागलं की आधी ती पाटी दाखवायची, असं कल्पितानं ठरवूनच टाकलं होतं.

त्यांना राजी करताना तिच्या नाकी नऊ आले होते. शेवटी म्हणाले, "ने. पण जसो आसा तसोच. बोट लावलंस तर बघ!"

मेला तो दगड! कल्पिताला लहानपणापासून त्याचा राग. बाबा रोज चहाच्या आधी त्याची पेटी उघडणार, नाक टेकवून बघत बसणार, मग पेटी उशाशी. डोळ्यांना काही दिसेना झालं तरी उघडायचीच. माणसांचं मात्र काही जपलं नाही. कल्पिताच्या आधी मीरा होती, चार वर्षांची असताना तापानं गेली. तिचा ना फोटो, ना एखादा फ्रॉक. गेलेल्या पोराचं घरात ठेवू नये म्हणून आजीनं सगळं खाडीत सोडलं आणि बाबा गप्प बसले.

सहा वर्षांच्या कल्पितानं पेटीत हात घातला तेव्हा मात्र गप्प बसले नाहीत. सणसणीत थोबाडीत दिली. बोट गोळ्याला लागलं होतं का, ते तिला आठवत नव्हतं. थोबाडीत लख्ख आठवत होती.

म्हणजे लागलं होतं तर.

"लहान मुलाचा अंगठा वाटतोय," सर्वेश म्हणाला.

"माझाच रे. माझीच करणी."

"तेवढा गोळा चिमट्यानं काढू? बाकी दगड झकास आहे. कुणाला कळायचं पण नाही."

बाबांचं बोलणं तिला आठवलं. मग ती पाटीही आठवली.

"काढ," ती म्हणाली.

गोळा सहज सुटला. सर्वेशनं हळूच फुंकर मारली. फरशीवर पडलेली चिमूटभर पांढरी भुकटी तिनं ओल्या फडक्यानं पुसली आणि फडकं मोरीत धुऊन टाकलं. तेहेतीस वर्षांनी तिला हलकं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या नंदूबरोबर बाबा डॉक्टरकडून आले. डोळ्यावरची पट्टी निघाली होती.

"दिसता गो सगळा!" ते दारातूनच ओरडले. "कल्पे, तुझे केस पिकले की!"

"तुमच्यामुळेच पिकले," ती हसत म्हणाली.

"ऱ्हवांदे. आधी ती पेटी उघड. वरीसभर काय दिसूक नाय माका."

तिनं मोठ्या हौसेनं पेटी पुढे सरकवली. बाबा वाकले, नाक टेकवलं. दगड या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला. मग सर्वेशचं भिंग उचलून पुन्हा पहिल्यापासून एकेक गोळा बघितला. हात मात्र दगडाला लागू दिला नाही.

"कल्पे," ते म्हणाले, "मीरा खंय आसा गो?"