खाप्याची निगेटिव्ह

वाइपवर तांबूस रंग उतरला, तेव्हा ऋतुजाला आधी बरंच वाटलं. केवढा मळ होता हा! तिने वाइपची घडी उलटली आणि निगेटिव्हच्या पट्टीवरून आणखी एकदा फिरवली. त्या घडीवरही तांबूस. बाळाचे हात पुसायचा वाइप, मऊ, बिनवासाचा. त्याने काय होणार होतं?

पट्टी लहानशीच होती, तीन फोटोंची. खुशीला सांभाळणाऱ्या भीमाबाईंनी ती आत्ताच बिस्किटाच्या पुड्याच्या कागदातून काढून दिली होती. पट्टीला तंबाखूचा वास येत होता, वर बुरशीचे पांढरे ठिपके होते, मधल्या फोटोवर जास्तच, आणि नऊ महिन्यांच्या खुशीचा हात जे दिसेल त्याकडे जायचा. ऋतुजाने पट्टी दोन बोटांत धरली होती आणि सवयीने वाइपचं पाकीट ओढलं होतं.

आता तिने पट्टी चौकटीत बसवली, चौकट स्कॅनरच्या काचेवर ठेवली आणि झाकण लावलं. झाकणातला दिवा सरकू लागला.

"झालं का, ताई?" भीमाबाई खुशीला कडेवर घेऊन आल्या. "परवा तीज हाय. आज हाती आला तं उद्या फ्रेम कराले टाकते."

अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरीजवळ ठेवायला त्यांना आईचा फोटो हवा होता. कागदावरचा फोटो वाळवीने खाल्ला. ही पट्टी तेवढी उरली होती.

"येतंय हो, मावशी. दोन मिनिटं."

"माह्या मायले फोटोचा मोठा राग. आमच्या गावाले, खाप्याले, आला होता तो फोटोवाला. म्हने, हसा ना बाई. माय म्हने, काहून? तुह्या लग्नात आली का मी?" भीमाबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून खुशीही हसली. "आवाज आठवते मले तिचा. बोलनं आठवते. तोंडच तेवढं... डोळे मिटले का आधी दिसत होतं. आता नाही दिसत. म्हनून तं तुमाले तरास."

"त्रास कसला, मावशी."

पडद्यावर चित्र उतरू लागलं. पहिल्या फोटोत कोणाचं तरी लग्न, मुंडावळ्या, डागाळलेलं आभाळ. दुसऱ्यात हातमागाच्या खोलीच्या दारात उभी असलेली एक बाई. लुगड्याचा काठ इतका स्वच्छ, की त्यावरचे करवतीसारखे दाते मोजता यावेत. हातात बांगड्या, कोपरापर्यंत गोंदण. आणि मानेच्या वर काळं. नुसतं काळं, डावीकडून उजवीकडे ओढत नेलेलं. हात कुठून कुठे फिरला ते कळत होतं.

तिसऱ्या फोटोत बकरी होती. अगदी डोळ्यांसकट.

तांबूस रंग मळाचा नव्हता.

बुरशी लागलेली फिल्म ओली करायची नसते, चित्रच सुटून येतं, हे ऋतुजाला माहीत होतं. नुसतं माहीत होतं असंही नाही. गेला महिनाभर तिने आपल्या बाबांच्या चारशे स्लाइड अशाच साफ केल्या होत्या, रबरी फुग्याने हवा मारून, मऊ ब्रशने, हातात पांढरे सुती मोजे घालून. एकेक. मोजे टेबलावर तसेच पडले होते.

"खराब निघाली का वं माय?" भीमाबाई पडद्याकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या. मग तिच्याकडे वळून, "आमच्याच घरचं ते, ताई. पावसात पेटीले ओल येते. तुमी काय करनार त्याले?"

ऋतुजाने वाइप मुठीत दाबला. तो अजून ओला होता. नुसती मान हलवली असती, तरी चाललं असतं.

"मावशी, मी पुसलं. त्यानं गेलं."

"पुसाचंच होतं ना. मी कुठं पुसून आनलं?"

"नाही, तसं नाही. ओल्यानं पुसायचं नसतं ते."

खुशीने टेबलाकडे झेप घेतली, एक हातमोजा ओढला आणि तोंडात कोंबला. भीमाबाईंनी तो हळूच सोडवला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हे कायले असते?"

"फिल्मला बोटं लागू नयेत म्हणून."

"तुमी घालता?"

"बाबांच्या... बाबांच्या फिल्म धरताना घालते."

भीमाबाईंनी मोजा पदराला पुसून कोरडा केला, दुसऱ्या मोज्यावर नीट ठेवला. खुशीला त्या कडेवरून ऋतुजाच्या मांडीवर देतील असं वाटलं. दिलं नाही. तिला तसंच घेऊन त्या पडद्याशी वाकल्या. काळ्यापाशी त्यांचं बोट गेलं नाही. ते बांगड्यांवरून खाली आलं, काठावरून खाली आलं, आणि उंबऱ्यापाशी थांबलं. तिथे दोन अनवाणी पाय होते. बोटांत जोडवी.

"एवढंच मोठं करून छापा," त्या म्हणाल्या. "डोकं तं मले पायावरच ठेवाचं हाय."