आय म्हणजे काय

लग्नानंतर घर लहान पडतं म्हणून लटारूनं आपल्या आईची, गुणाबाईची, बाज उचलून गोठ्यात नेऊन टाकली. तिनं कुणापाशी तोंड उघडलं नाही.

त्रेपन्न साली, धानाची कापणी उरकल्यावर, मूल शहराजवळच्या त्यांच्या गावात एक पादरी आले. करमणूक म्हणून सारा गाव चिंचेखाली जमला. पादरी रंगात येऊन सांगू लागले, "मग देवाच्या आज्ञेनं यहोशवा सेनापतीनं आय जाळून टाकली!"

पुढ्यात बसलेली गुणाबाई ताडकन उठली.

"सोताच्या आयले जाळलं? काऊन जी? काय बिघडवलं होतं तिनं त्याचं? अन् देवानंच सांगतलं म्हनता? असा कसा जी तुमचा देव?"

लोक खो खो हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला तो मागे उभा असलेला लटारू.

पादऱ्यांनी घाम पुसला. "आजी, ती कुणाची आई नव्हे हो. आय हे एका गावाचं नाव. इब्री भाषेत आय म्हणजे ढिगारा. मोडून पडलेलं, कुणाच्या कामाचं न उरलेलं."

"आय म्हंजे कामातून गेलेला ढिगारा?"

"हो, आजी. फार जुनी भाषा आहे ती. आता आपल्याकडे कुणाला येत नाही."

गुणाबाई मागे वळली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लटारू, तू कुठी शिकला रे हे भाषा?"