हातभर वाकडं

काचेची पट्टी शाबूत होती.

मोजणीला आलेल्या बाईंनी ती भिंगातून वरपासून खालपर्यंत पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. फादर बाकावर बसून होते. भिंतीच्या भेगेवर ती पट्टी चिकटवल्यापासून रोज सकाळी दार उघडलं की ते आधी काचेकडे बघत आणि मग क्रुसाकडे. भिंत सरकली तर काच तडकणार, एवढं साधं होतं ते. काच तडकली तर चर्च बंद होणार, हेही तितकंच साधं.

आणि चर्च बंद झालं तर फादर सुटणार. निवृत्तीसाठी त्यांनी वरिष्ठांकडे शब्द टाकून पाहिला होता. तुमच्या जागी पाठवायला माणूस नाही, चर्च उभं आहे तोवर ओढा, असं उत्तर आलं. धाकट्या बहिणीने तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती. एकही पायरी नाही, असं ती फोनवर दर खेपेला सांगे, आणि दर खेपेला फादरांचा हात आपोआप गुडघ्यावर जाई.

"म्हणजे हलत नाही," ते म्हणाले.

"नाही. भेग जुनी आहे, केव्हाच थांबलेली." बाई स्टुलावरून उतरल्या. "वाकडेपणाचा तिच्याशी संबंध नाही."

वाकडेपणा अख्ख्या गावाला ठाऊक होता. दारात उभं राहिलं की वेदी समोर येत नसे, हातभर डावीकडे राही. क्रुसावर प्रभूने मान टाकली ती त्या बाजूला, म्हणून बांधणाऱ्यांनी मुद्दाम तसं बांधलं, असं सगळे सांगत. फादरही लहान मुलांना तेच सांगत आले होते. अलीकडे मात्र वरिष्ठांच्या कचेरीत कुणाच्या तरी डोक्यात आलं, की इमारत कलत चालली असावी, आणि बाईंना धाडण्यात आलं. तो संशय फादरांनी मनातल्या मनात फार जपला होता.

झाडलोट करणाऱ्या मावशी खराट्यावर हनुवटी टेकून ऐकत होत्या. बाई आल्यापासून त्यांचा एकच प्रश्न होता, की मोजून झाल्यावर ते सरळ होणार आहे का. आत्ताही त्यांनी तो विचारून घेतला. बाईंनी दोघांना हाताने बोलावलं.

दालनाच्या मध्यावर, बाजूच्या भिंतीलगत, त्यांनी चार-दोन फरश्या उचलून खड्डा घेतला होता. फादर बाकांना धरत धरत तिथवर गेले. खाली एका जुन्या भिंतीचं बूड दिसत होतं. आधी इथे लहानसं चर्च होतं, बाईंनी सांगितलं, आणि आत्ताचं मोठं चर्च त्याच्या भोवतीने बांधलं. एक गवंडी दाराकडून निघाला, दुसरा वेदीकडून. मध्ये जुनी इमारत उभी, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायला वावच नव्हता. दोघांनी आपापल्या बाजूच्या जुन्या भिंतीवरून रेघ धरली. पण ती जुनी इमारतच काटकोनात नव्हती. शेवटी ती आतून पाडून काढली, तेव्हा नव्या चर्चचे दोन अर्धे भाग एकमेकांसमोर आले, हातभर चुकलेले.

"मग जुनं आधी पाडायचं ना," मावशी म्हणाल्या. "माझ्या जावयाने स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा हेच. लेक गॅस बंद ठेवू देईना, म्हणून जुनं तसंच ठेवून भोवतीने बांधलं. आता कपाटाचं दार उघडत नाही."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग खाली बसून त्यांनी बॅटरी लावली.

"ही बाहेरची बाजू. चुन्याचे शिंतोडे बघा, नव्या भिंतींचं काम चालू असताना उडालेले." प्रकाश पलीकडे सरकला. "आणि ही आतली. इथे चुन्याचा एक थेंब नाही. म्हणजे शेवटपर्यंत वर छप्पर होतं."

आतल्या फरशीच्या सांध्यांत पिवळट ठिपके होते. फादरांनी वाकून बोट दाखवलं.

"आणि हे?"

"मेण."

फादर तसेच वाकून राहिले. बाहेर छिन्न्या चाललेल्या, चुना कालवला जातोय, धुळीने श्वास घेता येत नाही, आणि आत आपल्यासारखाच कुणीतरी ठसका आवरत, मेणबत्ती लावून, नेमाने प्रार्थना म्हणतोय. त्याचेही गुडघे दुखत असतील.

"म्हणजे तेव्हाही," ते सावकाश म्हणाले, "कुणी एका दिवसाची सुट्टी दिली नाही."

"तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या. इमारत भक्कम आहे, अजून पुष्कळ वर्षं तिला काही होत नाही, असं अहवालात लिहीन, हेही त्यांनी सांगितलं. ती आनंदाची बातमी होती, आणि फादरांनी रीतसर आभार मानले.

संध्याकाळची वेळ होत आली होती. मावशींनी घंटेचा दोर ओढला. नेहमीची माणसं आली, बेकरीवाला, त्याची आई, आणि शेवटच्या बाकावर डुलकी काढणारे निवृत्त मास्तर. फादरांनी झगा चढवला, मेणबत्ती पेटवली आणि दारापासून वेदीकडे निघाले.

टेप गुंडाळता गुंडाळता बाई थांबून पाहू लागल्या. फादर ज्योतीवर डोळे ठेवून नाकासमोर चालत होते. दोन अर्ध्या भागांचा सांधा आला, तशी त्यांची पावलं आपसूक हातभर डावीकडे वळली आणि पुन्हा सरळ चालू लागली.