पहाटेचा हलका हात

जावई नळ बंद करायला वळला आणि तेवढ्यात सासरेबुवांनी फवारणीच्या टाकीत बाटली बुडवली. निळसर औषध गुडगुडत आत शिरलं. झाकण घट्ट लावून त्यांनी बाटली सदऱ्याखाली दडवली आणि खाली पडलेली पानं वेचत असल्याचं सोंग घेतलं. ही रोपवाटिका त्यांची स्वतःची होती. काचेचं छप्पर, पत्र्याची बाकं, बाकांवरची टोमॅटोची रोपं, सगळं त्यांनीच उभं केलेलं. आणि आता स्वतःच्याच टाकीतलं औषध त्यांना चोरून न्यावं लागत होतं. काय करणार? जावई पडला घरातला. पुराव्याशिवाय बोलायची सोय नव्हती.

रोपांवर काळे ठिपके पडले होते आणि काही केल्या हटत नव्हते. त्यावर तांब्याचं निळं औषध ठरल्या दिवशी, ठरल्या प्रमाणात मारायचं काम जावयाकडे होतं. पुरेपूर मारतो, असं तो सांगायचा. "खोटं बोलतोय," सासरेबुवा म्हणायचे. जावई 'पोट भरलं' म्हणून पानावरून उठला तरी ते हेच म्हणायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि हा ग्रह तर मुलीने स्वतः शोधून घरात आणलेला! तो औषध बाहेर विकतो आणि टाकीत पाणी भरतो, याबद्दल सासरेबुवांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून त्यांनी आपल्या परीने बंदोबस्तही केला होता. फवारणीच्या दिवशी पहाटे, घर उठायच्या आत, ते जुना हातपंप काढायचे आणि सगळ्या रोपांवर गुपचूप एक हलका हात मारून यायचे. औषध चमचाभरच घ्यायचे, कारण जास्त घेतलं तर डब्यात कळलं असतं. दुपारी जावयाने नुसतं पाणी शिंपडलं तरी रोपांच्या अंगाला थोडं तरी औषध लागलेलं असावं, हा त्यामागचा हिशोब. घाईत पंप तसाच ओला, दाराआड टेकवून यायचे. पुढच्या वेळी तो पुसून खुंटीला लावलेला सापडायचा. मुलीची टापटीप, दुसरं काय! एवढं करूनही ठिपके वाढतच चालले होते. मग हा जावई पाणी तरी किती घालत असेल?

"तपासणीत या बाटलीत पाणी निघालं, तर हा या घरात राहणार नाही," त्यांनी मुलीला बजावलं.

"मग मीही राहणार नाही," मुलगी म्हणाली. "आणि निकाल ऐकायला आम्ही दोघंही येणार. पाठीमागे काही नको, बाबा."

आई गेल्यापासून या मुलीनेच घर सावरलं होतं. ती गेली तर त्या घरात राहायचं कुणासाठी, हा विचार मनात आला आणि सासरेबुवांना भीती वाटली. पण संशय काही हटेना. ठिपकेवाली पानं आणि बाटली त्यांनी तपासणीला दिलीच.

निकालाचा दिवस नेमका फवारणीचाही होता. सकाळी प्रयोगशाळेत तिघं तीन खुर्च्यांवर बसले. मधली मुलीची. तपासणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"औषध बरोबर आहे. अगदी पूर्ण प्रमाणात."

"पाणी नाही?" सासरेबुवांचा चेहरा उतरला.

"हवं तेवढंच." बाईंनी दोन काचेच्या बशा पुढे ठेवल्या. एक स्वच्छ होती, दुसरीत पिवळट ठिपके उठले होते. "पानांतले जंतू मी तुमच्याच औषधात टाकले. मेले. मग तुमच्याकडे का मरत नाहीत? मला शंका आली. दुसऱ्या खेपेला मी त्यांना आधी चिमूटभर औषध दाखवलं, आणि काही तासांनी पूर्ण दिलं. हे बघा, जिवंत आहेत."

"ते कसं काय?" मुलीने विचारलं.

"भारी संशयी जात आहे. तांब्याचा जरासा सुगावा लागला, की आत शिरणारं विष बाहेर फेकायच्या तयारीला लागतात. एकदम पूर्ण मारा झाला तर सावरायला वेळच मिळत नाही. पण आधी कुणी चाहूल दिली, तर खऱ्या माऱ्याच्या वेळी ते सज्ज असतात." बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "फवारणीच्या आधी कुणी हलकं औषध मारतं का?"

सासरेबुवांनी हाताची मूठ वळली. नखांच्या कडांना पहाटेचा निळा डाग अजून होता. जावयाची नजर त्या मुठीवर गेली, क्षणभर थांबली आणि बाजूला झाली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. पंप कोण पुसून ठेवत होतं, ते सासरेबुवांना तेव्हा कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच मारायचो," जावई म्हणाला. "पहाटे उठून. वाटलं, तेवढाच रोपांना फायदा."

"तू?" मुलगी नवऱ्याकडे वळली. "आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस? अजून काय काय लपवलंयस?"

आजवर तिने नवऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतली ती नजर सासरेबुवांनी लगेच ओळखली. ती त्यांचीच होती.

त्यांनी मूठ उघडली आणि निळ्या नखांचा हात टेबलावर, मुलीसमोर ठेवला.

"खोटं बोलतोय तो," सासरेबुवा म्हणाले.