मास्तरांची चूक

“बाळ झोपलं की आपणही आडवं व्हायचं. नाहीतर एक दिवस उभ्या उभ्या कोसळशील,” मोठ्या जाऊबाईंनी बजावलं होतं. धाकटीनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. आज दुपारी तर झोपायचा प्रश्नच नव्हता. आज बैठक होती.

‘धाकटी’ हे तिचं ग्रुपवरचं नाव. ग्रुपमध्ये चौघंच: एकटे राहणारे निवृत्त मास्तर, कोपऱ्यावरचे केमिस्ट, दवाखान्यातल्या सिस्टर आणि ती. चौघांना वेड एकाच गायिकेचं. ती स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली लावायची, आणि ही मंडळी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची, जणू घरातलीच कुणी. बाईंच्या वाढदिवशी फोनवर बैठक बसायची. विषय ठरलेला: सर्वांत चांगला अल्बम कोणता? दरवर्षी कडाक्याचं भांडण व्हायचं आणि निकाल काही लागायचा नाही.

बाहेर गारठा होता. नवरा कामावर गेलेला. बाळाला सर्दी, म्हणून तिनं सकाळपासून गॅसचा हीटर लावला होता आणि झुळूकही आत येऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल सारला होता. खोली मस्त उबदार झाली होती. बाळाच्या नाकाशी बोट धरून तिनं श्वास पाहिला आणि पाळण्याला टेकून जमिनीवर बसली.

“‘उलटा स्वेटर’,” मास्तर म्हणाले. “विषय संपला.”

“तुमचा संपला असेल,” केमिस्ट म्हणाले. “‘उन्हाळी पत्ता’सारख्या चाली बाईंना परत जमल्या का?”

“तो अल्बम तुमच्या खोकल्याच्या औषधासारखा आहे. गोड आणि गुंगी आणणारा.”

“आणि तुमचा स्वेटर जिथं तिथं टोचतो, त्याचं काय?”

सिस्टर हसल्या. “भांडा, भांडा. धाकटे, तू का गप्प?”

“मी ‘शेजारच्या खोलीत’वालीच,” ती म्हणाली. “दाराच्या करकरण्यावर सुरू होणारं ते गाणं आहे ना त्यात? ते एकटंच तुमच्या दोन्ही अल्बमना पुरून उरतं.”

मास्तर सावकाश म्हणाले, “ते गाणं ‘उलटा स्वेटर’मधलं आहे गं.”

तिला हसू आलं, आणि मग नाही आलं. कुठल्या गाण्यात बाई कुठं श्वास घेतात, हेसुद्धा मास्तर सांगायचे. मास्तर चुकायचे नाहीत.

“मास्तर, थट्टा करताय?”

“नाही. बरं, तुझं मत कुणाला?”

“आत्ताच सांगितलं की!”

“पुन्हा सांग.”

तिच्या वडिलांचं असंच झालं होतं. सकाळी चहा पिताना त्यांनी तिला आत्याच्या नावानं हाक मारली आणि सगळे हसले. संध्याकाळी ते नव्हते. तेव्हापासून कुणाची जीभ जराशी अडखळली तरी तिचे कान टवकारायचे. आणि मास्तरांचा आवाज आता लांबलांब येत होता, शब्द ओढल्यासारखे.

“केमिस्ट, ऐकलंत ना?” ती म्हणाली.

“ऐकतोय,” केमिस्ट म्हणाले. त्यांच्या आवाजातली मस्करी गेली होती. म्हणजे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

तिनं केमिस्टांना निराळा मेसेज लिहायला घेतला. डोकं ठणकत होतं. झोप नाही, दुसरं काय. अक्षरं बोटांखालून सटकत होती. ‘मास्तरांचं काही खरं नाही. जाऊन बघा ना.’

उत्तर लगेच आलं. ‘निघालोय.’

हुश्श. आता केमिस्ट पोचेपर्यंत मास्तरांना बोलतं ठेवायचं होतं.

“मास्तर, फोन ठेवू नका हं.”

“नाही ठेवत. तूही ठेवू नकोस. ‘उन्हाळी पत्ता’मधली गाणी ओळीनं सांग बघू.”

“मी का? तुम्ही सांगा.”

“वर्गात उलट उत्तर द्यायचं नाही. सांग.”

ती सांगू लागली. दोन गाणी झाली. तिसरं जिभेवर होतं, पण जीभच जड होती.

“बाळ काय करतंय?” सिस्टरनी मध्येच विचारलं.

“झोपलंय. आज इतकं गुणी झालंय, एकदाही उठलं नाही.”

“उठ, खिडकी उघड.”

सिस्टरना आवाज तुटक येत असणार, रेंजचं काहीतरी. “अहो, त्याला सर्दी आहे,” ती समजुतीनं म्हणाली. “तुम्ही माझं सोडा, मास्तरांकडे लक्ष द्या. ते विसरायला लागलेत.”

“तिसरं गाणं, धाकटे,” मास्तर म्हणाले. “झोपू नकोस. तिसरं.”

बिचारे. किती घाबरलेत, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटले, फक्त गाणं आठवण्यापुरते.

दार वाजत होतं. मग ते वाजेनासं झालं आणि धाडकन आत आलं. तोंडाला मास्क लावलेले अग्निशमन दलाचे दोन जवान आणि त्यांच्या मागं, दुकानातल्या पांढऱ्या कोटातच, केमिस्ट. एकानं हीटर बंद केला, दुसऱ्यानं खिडकीच्या काचेवर कोपर हाणलं.

इकडे कसे आले हे? मास्तरांचं घर तर मागच्या गल्लीत. तिला उठून सांगायचं होतं, पण पाय ऐकेनात.

“मला काही झालेलं नाही,” ती कशीबशी म्हणाली. “तिकडं जा. मास्तरांना बघा हो कुणीतरी.”

केमिस्टांच्या हातातल्या फोनमधून मास्तरांचा आवाज आला, खणखणीत.

“तिचं ऐकू नका. आधी बाळ उचला.”